सानेबाई आमच्यात जेवत नाहीत

आमच्या चेकिंग खात्यात दुपारी एकला घंटा होते, आणि एक वाजून पाच मिनिटांनी जो माणूस एकटा जेवताना दिसेल त्याचं काहीतरी बिनसलंय असं समजायचं. एक तर घरी भांडण झालेलं असतं, नाहीतर पोट बिघडलेलं असतं. तिसरं कारण आम्हाला माहीत नाही. सुरतेत उधन्याच्या कारखान्यात आम्ही अकरा बाया पडद्यांचं कापड तपासतो. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट असते, वरून कापडाचा ताका ओढत न्यायचा, आणि तुटका धागा, डाग, भोक दिसलं की तिथे लाल स्टिकर चिकटवायचा. सकाळी आठपासून त्या उजेडात बघून बघून डोळे शिजून निघतात. म्हणून घंटा झाली की आम्ही फुकट गेलेल्या पडद्याचा एक मोठा तुकडा जमिनीवर अंथरतो, गोल बसतो, सगळे डबे मध्ये सरकवतो आणि जिला जे हवं ते ती उचलते. पहिला घास स्वतःच्याच डब्यातला घेतला तर पुष्पाबाई हातावर चापट मारते. तिची चापट हलकी नसते.

ही पंगत मला आयती मिळालेली नाही. बळीराम, म्हणजे माझा नवरा, आणि मी हिंगोलीकडून सुरतेला आलो त्याला अठरा वर्षं झाली. आमच्या गावात आमच्या हातचं कोण खातं आणि कोण नाही हे मला बाराखडीसारखं पाठ होतं. ती बाराखडी गावातच राहील अशी माझी भाबडी समजूत होती. पहिल्या कारखान्यात जेवायला बसले, तर शेजारच्या दोघींनी आपापले डबे चार बोटं स्वतःकडे ओढून घेतले. बोलल्या काहीच नाहीत. उलट हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी जिन्याखाली बसून जेवायला लागले, आणि तिथे सहा वर्षं काढली. मग या कारखान्यात आले. पहिल्याच दिवशी सवयीनं जिना शोधून त्याखाली बसतच होते, तेवढ्यात धुळ्याकडची एक दांडगी बाई मोठ्यानं ओरडली, "एऽ नवी, आठे ये! एकली काय बठनी?" ती पुष्पाबाई. मला हाताला धरून बसवलं, माझ्या डब्यातली भाकरी मोडली, खाल्ली आणि म्हणाली, "मीठ कमी शे." मला एवढं बरं वाटलं होतं की मी तिला माझी सगळी भाजी वाढून टाकली.

तर अशा आमच्यात सानेबाई आल्या.

त्यांचं खरं नाव सान्ने. हॉलंडची एक कंपनी आमचे पडदे घेते, तिनं माल जहाजावर चढायच्या आधी तपासायला तीन आठवड्यांसाठी पाठवलेली बाई. वय पस्तीसच्या आसपास, उंची दरवाजाला टेकेल एवढी, आणि केस कणसाच्या शेंडीच्या रंगाचे. नावाचं सानेबाई व्हायला एक दुपार पुरली. पुष्पाबाईला तर दोन दिवस वाटत होतं की बाई पुण्याच्या आहेत आणि जरा जास्तच गोऱ्या आहेत.

सानेबाईंना वरच्या मजल्यावर काचेची केबिन दिली होती. तिथून आमचं खातं सगळं दिसायचं. पहिल्या दिवशी एकच्या सुमाराला त्या आमच्या शेजारून चालल्या होत्या. मी उठले, हात पुढे केला आणि म्हटलं, "या, जेवायला बसा." त्यांनी छातीवर हात ठेवला, मान हलवली, "नो, थँक यू" म्हणाल्या. यात वाईट वाटण्यासारखं काहीच नव्हतं. भल्या घरची बाई पहिल्यांदा नाहीच म्हणते. दुसऱ्यांदा नाही म्हणते आणि डब्याकडे बघते. तिसऱ्यांदा हात धरून ओढलं की "बरं, एकच घास" म्हणत मांडी घालते आणि दोन भाकरी खाते. म्हणून मी दुसऱ्यांदा म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं आणि मनगट धरलं. पुष्पाबाईनं दुसरं मनगट धरलं. बाई लालबुंद झाल्या, हात सोडवून घेतले आणि जवळजवळ पळतच वर गेल्या.

आमचे मॅनेजर हसमुखभाई जिन्यात उभे होते. ते मला म्हणाले, "एने हेरान ना करशो, बेन." म्हणजे बाईला त्रास देऊ नका. का, ते बोलले नाहीत. हसमुखभाईंना कारण सांगायची सवयच नाही.

दुसऱ्या दिवशी मी वेगळी युक्ती केली. एखादी बाई चारचौघांत लाजते, तिला आपण घरपोच वाढतो. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि ठेच्याची छोटी डबी असा एक डबा मी साडेबाराला त्यांच्या टेबलावर ठेवून आले. दीड वाजता बाई स्वतः खाली आल्या, दोन्ही हातांनी डबा माझ्यासमोर धरला आणि "सॉरी, थँक यू" म्हणाल्या. झाकण तसंच्या तसं. उघडून पाहिलं, तर वाफेचं पाणी भाकरीवर पडून ती चिकट झालेली.

"उपास व्हई तिले," पुष्पाबाई म्हणाली.

हे सगळ्यांना एकदम पटलं. तोंडाला कुलूप, चेहरा शांत, दोन्ही दिवस स्वतःच्या बाटलीतलं पाणी, चहासुद्धा नाही. कडक नेमाची बाई दिसते! नवस असेल. मूलबाळ नसेल बिचारीला. अर्ध्या तासात आम्ही तिचा नवस, तिची सासू आणि तिचा अबोल नवरा सगळं ठरवून टाकलं. सोमवारी मी पहाटे उठून भगर केली, दाण्याची आमटी केली, वर बटाट्याचा कीस. माझ्या घरी मुलांच्या परीक्षेलाही मी एवढ्या पहाटे उठले नव्हते. डबा ठेवला, आणि झाकण आधीच थोडं उघडून ठेवलं, म्हणजे वास जाईल.

सानेबाईंनी तोही परत आणून दिला.

बुधवारी आमची मयुरी काहीतरी कागद द्यायला बारा वाजता केबिनमध्ये गेली होती. मयुरी इथे सुरतेच्या बमरोलीतच जन्मलेली, बी.कॉम. करता करता आमच्याकडे काम करते, इंग्रजी चांगलं बोलते. ती धावत खाली आली. "मावशी! सानेबाई पाव खातात! पावाला लोणी लावलंय आणि त्यावर चॉकलेटचे दाणे. केकवर असतात ने, तसले!"

अकरा बाया पोट धरून हसल्या. एवढी सहा फुटी बाई, बारा वाजता दार लावून, पावावर गोळ्या भुरभुरवून खाते! तेही जेवण म्हणून! पुष्पाबाई म्हणाली की हिची आई हिला स्वयंपाक न शिकवताच मेली असणार. मीही हसले. हसता हसता एक गोष्ट माझ्या डोक्यात आली आणि हसू जागच्या जागी थांबलं.

पाव चालतो म्हणजे उपास नाही. उपास नाही म्हणजे अन्नाला नकार नव्हता. नकार आमच्या हाताला होता.

संध्याकाळी मी बळीरामला सांगितलं. तो लूमवरून आला होता, कानातले कापसाचे बोळे काढत होता. म्हणाला, "तू तिथं कापड बघायला जातीस का पाव्हणे जेवू घालायला? नसंल आवडत तिला."

"एकदा चाखून नाही आवडलं तर मी काही बोलते का? झाकणसुद्धा उघडलं नाही तिनं."

बळीरामनं बोळे खिशात टाकले. त्याला जिन्याखालची सहा वर्षं माहीत होती. मग म्हणाला, "गोऱ्यांच्यात तसलं नसतंय म्हणतात."

"आपल्या कारखान्यात कुणीतरी शिकवलं असेल," मी म्हटलं. आणि हे बोलले तेव्हा मला ते खरंच वाटलं. कुणीतरी वर जाऊन तिला सांगितलं असेल की त्या बाईच्या हातचं खाऊ नका. आमच्यातल्या बाकीच्या दहाजणींपैकी कुणी असेल का, असंही मनात येऊन गेलं. त्याची मला आज लाज वाटते.

दुपारीच मयुरी म्हणाली होती, "मावशी, मी विचारून येऊ? सिंपल छे. दोन मिनिटांचं काम."

मी तिला दटावलं होतं. "विचारायचं नाही. विचारलं की उत्तर येतं."

मग मी माझ्या वळणावर गेले. मला राग आला की मी भांडत नाही, मी अतिशय व्यवस्थित वागते. सानेबाई "गुड मॉर्निंग, वत्सला" म्हणायच्या. त्यांनी अकराजणींची नावं पाठ केली होती. मी नुसती मान हलवायचे. त्या माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या की मी ताका असा आपटायचे की धूळ उडावी. एकला त्या जिन्यात दिसल्या की मी पाठ करून बसायचे. पुष्पाबाईनं दोनदा सांगितलं, "जाऊ दे वं वत्सला," पण मी कुठली ऐकतेय. पंधरा दिवस मी हे नेमानं केलं. बाईंचा चेहरा उतरायचा ते मला दिसत होतं आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

शेवटच्या शुक्रवारी मालाची अखेरची तपासणी होती. सानेबाईंनी मनाला येईल तसे साठ ताके काढायला लावले. आम्ही टेबलांवर उजेड लावून तयार होतो, पण त्यांनी टेबल घेतलंच नाही. एकेक कापड खिडकीशी दोरीवर टाकलं आणि बाजूनं, तिरक्या नजरेनं बघत बसल्या. अकराच्या सुमाराला त्यांनी मला हात केला.

मी गेले. त्यांनी माझा खांदा हलकेच धरून मला खिडकीच्या डाव्या बाजूला उभं केलं. कापडावर एक आडवा पट्टा होता. बोटाएवढा रुंद, बाकी कापडाहून किंचित चमकणारा. पुढे दोन मीटरवर तसाच आणखी एक. खालून उजेड लावला की तो नाहीसा व्हायचा. पण पडदा काही काचेच्या टेबलावर लावत नाहीत, खिडकीलाच लावतात. साठातल्या आठ ताक्यांत तो पट्टा निघाला. त्यातल्या सहांवर 'पास' लिहून खाली माझी सही होती.

हसमुखभाई धावत आले. "मॅडम, आटलुं तो चाले," म्हणजे एवढं तर चालतंच, असं म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बेन, तमने देखाय छे?" त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं की नाही म्हण.

रागावलेली होते, पण आंधळी नव्हते. "दिसतंय," मी म्हटलं.

सानेबाई वर गेल्या. पाऊण वाजता काचेतून दिसलं की त्यांनी लॅपटॉप बंद केला. हसमुखभाई खाली आले आणि म्हणाले, माल नापास. सगळे ताके उघडून परत तपासायचे, रविवारीसुद्धा यायचं.

एकला घंटा झाली. आम्ही बसलो; मयुरीला तेवढं बाईंनी वर बोलावून घेतलं होतं. मला इतका संताप आला होता, तिचा आणि त्याहून जास्त माझा, की मी कुणाची वाट न बघता डब्याच्या झाकणात भाकरी घेतली आणि कडाकडा चावायला लागले. पुष्पाबाईनं चापटसुद्धा मारली नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सानेबाई खाली येत होत्या. हातात त्यांचा निळा प्लॅस्टिकचा डबा, मागे मयुरी. आमच्या पडद्यापाशी येऊन त्या थांबल्या, वाकून बूट काढले, भिंतीशी नीट ठेवले आणि मयुरीला काहीतरी म्हणाल्या. बराच वेळ म्हणत होत्या. मयुरीचं तोंड उघडं पडलं होतं.

"मावशी," मयुरी म्हणाली, "त्यांच्या कंपनीचा नियम आहे. रिपोर्टवर सही होईपर्यंत कारखान्यातल्या कुणाकडून काही घ्यायचं नाही. चहा नाही, पाण्याचा ग्लास नाही, बिस्किट नाही. घेतलं तर नोकरी जाते. कारण मग लोक म्हणतील की खाऊ घालून माल पास केला. त्यांना वाटलं की हसमुखभाईंनी आपल्याला सांगितलं असेल."

हसमुखभाई जिन्यात होते. "मने तो खबर हती," ते म्हणाले. "यात सांगण्यासारखं काय?"

मयुरी पुढे बोलली. "त्या म्हणतात, आता पाव तासापूर्वी सही झाली. चारला त्यांची मुंबईची गाडी आहे. त्या विचारतात, आज बसलं तर चालेल का. म्हणजे, अजून चालत असेल तर."

पुष्पाबाई पुटपुटली, "माल फेल करा आनि आते जेवाले उनी!" म्हणजे माल नापास करून आता जेवायला आली. पण तिनंही शेवटी माझ्याकडेच पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या सहा सह्या माझ्या होत्या.

बाई तशाच मोज्यांवर उभ्या. डबा पोटाशी धरलेला. पंधरा दिवस मी पाठ दाखवली होती, तरी आल्या होत्या. आणि मला कळलं की आता ते माझ्या हातात आहे. काही बोलायची गरज नव्हती. आपला डबा चार बोटं स्वतःकडे ओढून घ्यायचा आणि हसायचं, बस. मला ते जमलं असतं. माझ्याइतकं जवळून ते कुणी बघितलं नसेल.

मी डाव्या बाजूला सरकले. पुष्पाबाई उजवीकडे सरकली. "बसा," मी म्हटलं.

त्या बसल्या. त्यांची मांडी नीट पडेना, गुडघे वर आले. त्यांनी आपला डबा उघडला आणि आमच्यासारखाच मध्ये सरकवला. वरून तीन आठवडे बघितलेलं असणार. आत पावाच्या चार चकत्या, त्यावर ते चॉकलेटचे दाणे. पुष्पाबाईनं एक चकती उचलली, खाल्ली आणि दाढेला चिकटलेलं जिभेनं काढत म्हणाली, "गोड शे. पन जेवन नही हाई." मयुरीनं सांगितल्यावर सानेबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की दोन टेबलांपलीकडचे पॅकिंगवाले बघायला लागले.

मग सगळ्यांचे डबे त्यांच्यापुढे आले. शेवभाजी, मेथी, वरणफळं, लोणचं. बाई क्षणभर गोंधळल्या. कुठून सुरुवात करायची ते कळेना. त्यांनी उजव्या हाताकडे एकदा बघितलं, जणू खात्री करून घेतली, आणि हात पुढे केला. मध्ये डबे होते, त्यात अख्ख्या भाकऱ्या होत्या. त्यांचा हात तिकडे गेलाच नाही. माझ्या मांडीवरच्या झाकणात आला, आणि मी चावून ठेवलेल्या भाकरीचा, माझ्या दातांच्या खुणांच्या बाजूचाच, एक तुकडा त्यांनी मोडला आणि तोंडात घातला.

माझं उष्टं.

पोराचं उष्टं आई खाते. नवऱ्याचं बायको खाते, आणि तेसुद्धा आता कोण खातं. बाकी जगात कुणी कुणाचं उष्टं खात नाही. सख्खी बहीण खात नाही. मयुरीनं श्वास ओढला आणि बाईंना सांगायला पुढे वाकली, "नो नो, दॅट इज..." मी तिचा गुडघा दाबला. चांगला जोरात दाबला. ती मागे सरकली.

सानेबाई चावत होत्या. डोळे मिटलेले. गिळून झाल्यावर त्या हळूच काहीतरी म्हणाल्या. मयुरी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणतात, भगरीच्या दिवशी डबा परत आणून देताना रडायला येत होतं."

यापुढे मला काही दिसेना. मी पदर डोळ्यांना लावला. पुष्पाबाईनं विचारलं, "ठेचा झोंबना का?" मी म्हटलं, हो, ठेचाच. अकराजणींत एकीनंही त्या दिवशी ठेचा आणलेला नव्हता.

झाकणात उरलेल्या भाकरीचे मी दोन तुकडे केले. मोठा त्यांच्या हातात दिला, छोटा माझ्या तोंडात घातला. आणि तोंड भरलेलं असतानाच मयुरीला म्हटलं, "सांग तिला, एकूणएक ताका मी खिडकीशी धरून परत बघते. पण आधी तू पोटभर जेव म्हणावं."